मधुमालतीच्या काटक्यांची मोहीम

महादेवास मुजरा करून, अहमदपूर मुक्कामी परसातल्या वेलापायी जे रण माजले ते, मोबाइलची बॅटरी आहे तोवर, लिहितो.

राजमान्य राजश्री मल्लिनाथराव किराणावाले यांनी परसातील लोखंडी मांडवावर मधुमालती चढविली आणि श्रावणात फुलांची दौलत उदंड जाहली आणि शेजारची फौज सेल्फी काढण्यास दाखल जाहली आणि रावांची मान ताठ ती ताठच राहिली. मग थंडी पडली. वेलाने पानापानाने सारा मुलूख सोडला, आणि मांडवावर निव्वळ काटक्या उरल्या.

हे वर्तमान मुदपाकखान्यात पोचताच रावांचे कुटुंब गंगम्माबाईसाहेब चालोन आल्या. त्यांस कुरडया वाळविण्यास मांडव पाहिजे होता. फर्मान सुटले, "मेलीय ती. उपटा."

रावांनी अर्ज गुजारिला, "अगं, झोपून राहिली ती. थंडीत पानं टाकतीच."

"मंग तुमच्यावानीच हाय म्हना. गल्ल्यावर झोपायचं तेवढं शिकवा तिला."

दरबारात हशा पिकला. दरबारी एकट्याच, रावांच्या मातोश्री गुरम्मा. परंतु त्या बहुत हसल्या.

मग तह ठरला की, पाडव्यापर्यंत कोंब न फुटल्यास वेल खालसा. नळ आठवड्याने एकदा दर्शन देतो, सबब मेल्या झाडास थेंब मिळणार नाही म्हणोन बाईसाहेबांनी रसद तोडली. राव भाजी धुतलेले पाणी लपवून नेताना कैद जाहले आणि बादली जप्त जाहली आणि रावांस न्याहारीचे धपाटे गोड लागेनात.

बाईसाहेबांचा शिरस्ता ऐसा की, रोज सकाळी लिंगपूजा करावी आणि पूजेचे पाणी पायदळी येऊ नये म्हणोन झाडाच्या बुडाशी सोडावे. परसात बाकी सारी फरशी. सबब ते पाणी रोज वेलाच्याच बुडाशी जाई. यास पाणी घालणे म्हणावे, हे त्यांच्या ध्यानी कधी आले नाही.

पाडव्यास बाईसाहेब कोयता घेऊन निघाल्या, आणि पाहतात तो काटकीस तांबूस कोंब! राव गहिवरले. बाईसाहेब गरजल्या, "कुनी पानी घातलं हिला?"

गुरम्मा म्हणाल्या, "रोज तूच तर घालतीस की गं."

"ते देवाचं पानी हाय, अत्या! झाडाचं न्हाई."

"मंग आता झाड बी देवाचंच झालं की."

कोयता म्यान जाहला.

येणेप्रमाणे मल्लिनाथरावांची फत्ते जाहली. मांडव वेलाकडे बहाल, कुरडया गच्चीवर रवाना, आणि कावळ्यांच्या बंदोबस्तास भर उन्हात काठी घेऊन खुद्द विजयी राव तैनात.