बझर्ड कड्यावरचं हरीण

सुनावणीच्या दिवशी सकाळी इमोजीन स्टॅम्परनं नवऱ्यापुढे अंड्यांची बशी ठेवली, पण काटा काही दिला नाही. तो तिनं स्वतःच्याच हातात धरून ठेवला.

"आधी बोल. जिना चढता येतो का तुला?"

"येतो की," हॉबर्ट म्हणाला.

"हॉबर्ट!"

"हळूहळू येतो."

"अरे, गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्या चढलास आणि खांबाला मिठी मारून उभा राहिलास. पाद्र्याला वाटलं, तुला साक्षात्कारच झाला!"

"मग वाटू दे की. त्याला तेवढंच बरं वाटलं असेल."

इमोजीननं काटा टेबलावर आपटला. "हे बघ म्हाताऱ्या, आजचा एक दिवस खरं बोल. उद्यापासून हवं ते सांगत फीर. पण आज जज्जबाईनं विचारलं, जमतं का, की म्हणायचं, नाही जमत. म्हणून दाखव."

हॉबर्टनं तोंड उघडलं, मिटलं, खिडकीबाहेर बघितलं आणि अंडं खायला घेतलं. एवढे साधे दोन शब्द, पण त्याच्या घशातून बाहेर निघायला तयार नव्हते.

त्याचं असं होतं. पूर्व केंटकीतल्या त्या दरीत जन्मलेला गडी शाळेतून निघाला तो सरळ कोळशाच्या खाणीत शिरला, आणि बाहेर पडला तो फुफ्फुसांत निम्मी खाण भरून घेऊनच. छाती अशी वाजायची की रात्री मांजर पलंगाखाली झोपायचं नाही. खाणीनं ज्याची छाती खाल्ली, त्याला कंपनीनं महिन्याला पैसे द्यावेत, औषधपाणी बघावं, असा कायदाच आहे. फक्त माणसानं सिद्ध करायचं की आता आपल्याच्यानं काम होत नाही. कंपनी म्हणत होती, होतं. वकील कोणी मिळाला नाही, म्हणून इमोजीनच वकील झाली होती. आज जमलं नाही तर शाळेच्या भटारखान्यात ती जी घेवड्याची पातेली उचलायला पुन्हा जाऊ लागली होती, ती मरेपर्यंत उचलायची. आणि तिचे गुडघे तर आत्ताच कुरकुरत होते.

पण हॉबर्टची सगळी उमर गेली होती उलटं सिद्ध करण्यात. खाणीत दरसाल डॉक्टर तपासायचा. जो खोकला, तो घरी गेला. म्हणून तपासणीला जाताना सगळे गडी आपापल्या गाडीत बसून राहायचे, दम जागेवर येईपर्यंत. मग उतरायचे आणि शीळ वाजवत आत जायचे. शीळ वाजवणाऱ्याच्या छातीत काही खोट आहे, असं कोण म्हणेल? दरीतली रीतही तशीच. डॉयल कूम्ब्सच्या दुकानात बोलता बोलता कुणाला धाप लागली, की बाकीचे लगेच फळीवरचे डबे बघायला लागायचे. त्याचा दम परत येईपर्यंत डबे बघायचे, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात गप्पा पुढे चालू.

हा डॉयलच त्यांना आपल्या गाडीतून कोर्टात घेऊन गेला. तोही आधी खाणीतला, मग दुकानदार झाला. इमोजीन कागद घेऊन पुढे गेली. जाताना बजावून गेली, "ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन ये. नळी नाकात घालून ये."

ती दिसेनाशी झाल्यावर हॉबर्ट म्हणाला, "नळी लावून आत जाऊ? लोकांना वाटेल, मी आजारी आहे."

डॉयलनं डोकं खाजवलं. "मला वाटतं, तेच वाटायला पाहिजे त्यांना."

"तू गप बस. तुझ्या बापानं तरी कधी नळी लावली होती?"

नळकांडं गाडीत राहिलं. हॉबर्ट दम जागेवर येईपर्यंत बसला, उतरला, शिकारीची टोपी नीट केली. आणि जन्मभराची सवय! शीळ वाजवतच आत शिरला. दारात एक उंचापुरा, गुळगुळीत माणूस उभा होता. त्यानं अदबीनं दार धरलं.

"काय सुरेख शीळ वाजवता हो," तो म्हणाला.

"आमच्याकडे मीच पहिला," हॉबर्ट छाती काढून म्हणाला.

तो कंपनीचा वकील होता. व्हिटकोम नावाचा.

आत जज्जबाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मागच्या बाकांवर दरीतली चार माणसं ऐकायला आली होती. व्हिटकोम उठला आणि लोण्यासारख्या आवाजात विचारायला लागला.

"मिस्टर स्टॅम्पर, तुम्ही रोज टपाल आणायला जाता का? पेटी रस्त्यावर आहे ना, बरीच खाली?"

"रोज जातो. एक दिवस चुकवत नाही."

"बाईसाहेब, गवत कापायच्या गाडीवर बसून जातो!" इमोजीन ओरडली. "चर्चलाही त्याच्यावरच जातो! पाती फिरत असतात, पाद्र्याची फुलझाडं गेली!"

"बाई, तुमची पाळी येईल," जज्जबाई म्हणाल्या.

"भाजीचा वाफा कोण लावतं?" व्हिटकोमनं पुढे विचारलं.

"मीच." हे काही अगदी खोटं नव्हतं. इमोजीन खणायची, आणि हॉबर्ट पालथ्या बादलीवर बसून कुठे वाकडं जातंय ते सांगायचा.

"आणि वजन उचलता येतं?"

हॉबर्टनं वकिलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला उचलू शकतो."

इमोजीननं कपाळाला हात लावला. व्हिटकोम मात्र खुशीत आला. त्यानं पिशवीतून एक फोटो काढला आणि जज्जबाईंपुढे ठेवला. हॉबर्टनं फोटो लांबूनच ओळखला.

तो डॉयलच्या दुकानातल्या भिंतीवरचा होता. शिकारीच्या दिवसांत ज्यानं हरीण मारलं त्याचा फोटो त्या भिंतीवर लागतो. फोटोत हॉबर्ट होता आणि त्याच्या मांडीवर एका दांडग्या हरणाचं आठ फाट्यांच्या शिंगांचं डोकं.

"काल सँडविच खायला थांबलो होतो," व्हिटकोम म्हणाला. "दुकानदारानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. म्हणाला, मिस्टर स्टॅम्पर गेल्या हंगामात बझर्ड कड्यावर एकटे चढले, हे हरीण मारलं आणि खांद्यावर घालून खाली आणलं."

"एकट्यानं!" मागच्या बाकावरून डॉयल उठून उभा राहिला. मित्राची बाजू घ्यायची संधी त्याला दिसली होती. "अख्ख्या दरीत असा गडी नाही, बाईसाहेब! एकदाही टेकला नाही!"

"डॉयल, खाली बस रे मेल्या!" इमोजीन दात खाऊन म्हणाली.

आता खरं काय घडलं होतं, ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. हॉबर्टनं खाण सोडली त्याच वर्षीची गोष्ट. गडी खुर्चीत बसून असायचा, तोंड उतरलेलं. एका सकाळी हे हरीण इमोजीनच्या सलगमच्या वाफ्यात शिरून पाला खायला लागलं. तिनं झोपायच्या झग्यावरच नवऱ्याचे रबरी बूट चढवले, त्याची बंदूक घेतली, मागच्या पडवीतल्या कपडे धुवायच्या मशीनवर टेकवली आणि एका गोळीत हरीण आडवं केलं. हॉबर्टनं ते गवत कापायच्या गाडीला बांधून अंगणात आणलं आणि दम खात बसला. तेवढ्यात डॉयल आला.

"अरे बापरे! तू मारलंस, हॉबर्ट?"

हॉबर्टला बोलायला दम नव्हता. इमोजीननं दारातून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग काय, मी मारलं?"

बस्स. तेव्हापासून दर आठवड्याला हरीण सलगमच्या वाफ्यातून थोडं थोडं वर सरकत गेलं, ते बझर्ड कड्यावर जाऊन थांबलं. आणि हॉबर्ट पुन्हा ताठ चालायला लागला होता.

आता कोर्टात इमोजीननं ओठ घट्ट मिटून घेतले. एक शब्द बोलली असती तर निकाल तिच्या बाजूनं फिरला असता. पण ती पर्स मांडीवर आवळून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. नवऱ्याला दिलेलं हरीण ती परत मागणार नव्हती, मग जन्मभर पातेली उचलायला लागली तरी बेहत्तर.

"मिस्टर स्टॅम्पर," व्हिटकोम म्हणाला, "जरा सांगाल का कोर्टाला, कसं काय जमवलंत? अगदी पहिल्यापासून."

हॉबर्टनं बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. पण गोष्ट सांगा म्हटल्यावर गप बसेल तो हॉबर्ट स्टॅम्पर कसला? दुकानात तो ही गोष्ट शेगडीजवळ बसून, नळी नाकात घालून, मध्ये मध्ये कॉफी पीत सांगायचा. आज तो उभा राहिला. हात मोकळे करून.

"पहाट झाली नव्हती," त्यानं सुरुवात केली. "खाली ओढा गोठलेला. मी बंदूक घेतली, आणि निघालो. पहिला चढ... पहिला चढ म्हणजे नुसते दगड. पाय ठेवला की... की सरकतो. मी आपला एक हात..."

तो थांबला. खुर्चीची पाठ धरली.

"एक हात झाडाला. मग दुसरा चढ. तिथे... तिथे पाइनची..."

शब्द संपले. छाती भात्यासारखी वर खाली व्हायला लागली, आणि खाणीतली गाडी जुन्या रुळांवरून जावी तसा आवाज खोलीभर घुमला. ओठ निळे पडले. खोलीतली दरीची माणसं सवयीनं छताकडे बघायला लागली. एक व्हिटकोम तेवढा टक लावून बघत होता, आणि जज्जबाई.

"नळकांडं कुठेय?" इमोजीन उठली. "डॉयल! गाडीत ठेवलं का रे दोघांनी मिळून?"

डॉयल धावला. धावत गेला आणि धावत आला, आणि नळकांडं टेबलावर ठेवून स्वतःच दाराला टेकला. त्याच्याही छातीतून चहाच्या किटलीसारखी शिट्टी निघत होती.

"तुम्ही कुठे काम करत होता?" जज्जबाईंनी विचारलं.

"खा... खाणीत."

"अर्ज केलाय का?"

"मी? मला... काय झालंय?" डॉयल म्हणाला आणि खाली फरशीवरच बसला.

इमोजीननं नवऱ्याच्या नाकात नळी घातली. नळी सूं सूं करायला लागली. मग हॉबर्टनं मान वर केली. शिकारीची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "तो कडा मला तोंडानंसुद्धा चढता येत नाही."

त्यानं फोटोकडे बोट केलं.

"हरीण मी मारलं नाही. हिनं मारलं. ही माझी बायको."

"हॉबर्ट, राहू दे रे," इमोजीन पुटपुटली.

"का राहू दे? झग्यावर बूट घालून, मशीनवर बंदूक टेकवून, एका गोळीत! आणि मशीन चालू होतं, बाईसाहेब! सगळी पडवी थरथरत होती! अशा थरथरत्या मशीनवरून नेम धरणारा एक तरी माई का लाल दाखवा मला!"

"म्हणजे मी सगळ्या जिल्ह्याला खोटं सांगितलं?" फरशीवरून डॉयल किंचाळला.

व्हिटकोम घाईनं उठला. "बाईसाहेब, हे आत्ता सोयीचं म्हणून बोलतायत. बाई तर नवऱ्याचीच बाजू घेणार..."

"मिस्टर व्हिटकोम, त्यांचं बोलणं जाऊ द्या. त्यांचा दम मी माझ्या कानांनी ऐकलाय. गोष्ट सांगायला तुम्हीच लावलीत." जज्जबाईंनी चष्मा काढला. "आणि शिकारीचा परवाना कुणाच्या नावावर होता, ते मला कुणीही सांगू नका. इथे फुफ्फुसांचं काम चालतं."

घरी जाताना गाडीत इमोजीन म्हणाली, "मशीन बंद होतं."

"मला माहितीय," हॉबर्ट म्हणाला.

निकाल उन्हाळ्यात आला. मिळालं. कंपनीनं पैसे द्यायचे, नळकांडंही द्यायचं. इमोजीननं दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन भटारखान्याची किल्ली परत केली आणि येताना स्वतःसाठी एक चांगली टेकायची खुर्ची घेऊन आली. डॉयलनंही अर्ज केला, चार शिव्या घालत. आणि दुकानातल्या भिंतीवरचा फोटो बदलला. आता तिथे इमोजीन आहे, रविवारचा निळा ड्रेस घालून, मांडीवर त्याच हरणाचं भुसा भरलेलं डोकं घेऊन. झग्यावर फोटो काढायला ती काही कबूल झाली नाही.

कुणी नवखा दुकानात आला की हॉबर्ट त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेतो. "ही माझी बायको," म्हणतो. "आता ऐका. हरीण उभं होतं ओढ्याच्या पलीकडे..."

"सलगमच्या वाफ्यात होतं रे!" पिठाच्या पोत्यांमागून इमोजीन ओरडते. "थुंकले असते तरी लागलं असतं त्याला!"

"ओढ्याच्या... पलीकडे," हॉबर्ट म्हणतो, आणि धाप लागते. सवयीनं एक दोघं फळीवरच्या डब्यांकडे वळतात. पण आता हॉबर्ट हात वर करतो. "थांबा. दम घेऊ द्या," असं सरळ म्हणतो, सगळ्यांच्या तोंडावर, आणि नळी नीट करून बसतो. मग सगळे त्याच्याकडे बघत थांबतात. इमोजीनही पोत्याला टेकून थांबते.

आणि त्याचा दम परत येतो, तोवर हरीण पार बझर्ड कड्यावर जाऊन उभं राहिलेलं असतं.