नानांची मॅकमधली छावणी

शनिवार, ५ एप्रिल. पाच किलो मिरचीचे देठ मोडायचे होते. सकाळी सातला अंगणात पाट टाकला, हातांना गोडंतेल चोळलं, पहिली मिरची उचलली, आणि कुंपणापलीकडून आरोळी आली, "फर्स्ट परेड!"

मागोमाग सायकलच्या पंपाचा फुस् फुस् आवाज. शेजारचे नाना संगणकाची हवा तपासत होते.

नानांनी लष्करात चोवीस वर्षं ट्रक चालवला. तिथं सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी तिचं पाणी, तेल, हवा तपासायची, त्याला फर्स्ट परेड म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, सुजानं, जर्मनीहून येताना आपला जुना मॅक त्यांना आणून दिला. दुसऱ्या दिवशी सातला त्याचीही फर्स्ट परेड झाली. हवा म्हणजे पंपानं कीबोर्डातली धूळ उडवायची. पाणी म्हणजे शेजारी तांब्या भरून ठेवायचा. तेलाचं मला कळेना. संगणकाला तेल कुठं घालतात, म्हणून मी मुद्दाम बघायला गेले.

तर तेल शिलाई मशीनला होतं. वहिनी, म्हणजे सुजाची आई, गेल्यापासून मशीन बंदच होतं. नानांनी त्याच्या फळीवर मॅक ठेवला, पुढं सुजानंच पाठवलेलं खेळाचं स्टिअरिंग शिकंज्यानं आवळलं, आणि ब्रेक, ॲक्सिलरेटर खाली मशीनच्या पायट्यावर बांधले. नाना गाडीला वेग देऊ लागले की मशीनचं चाकही गरागरा फिरतं आणि सुई वरखाली होते.

"सुई तरी काढा," मी म्हटलं.

"आवं ताई, आर्पीएम कळाय नको व्हय? सुई दिसंना झाली की समजायचं, लय पळतीया."

नानांना सुजानं मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ दाखवला होता. खऱ्यासारखा, गाडी वळणावर घसरते, टायर झिजतात. दोन दिवस ते परदेशातल्या गुळगुळीत ट्रॅकवर फिरले आणि कंटाळले. "ह्यो काय रस्ता हाय? एक खड्डा न्हाई, एक म्हस न्हाई. माणसाला झोप लागंल." मग त्यांना कळलं की या खेळात आपला स्वतःचा रस्ता घालता येतो. त्याला मॉड म्हणतात, आणि तो बनवायची अवजारं फुकट मिळतात. झालं. नानांनी ठरवलं, पाटणहून आपल्या गावाकडं चढणारा घाटरस्ता खेळात घालायचा. वळणासकट, दगडासकट.

अडचण एकच होती. खेळ विंडोजचा, अवजारंही विंडोजची, आणि नानांकडं मॅक.

मी इस्लामपुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते, त्यामुळं एवढं मला समजतं. मॅकच्या आत एक कप्पा करता येतो. त्या कप्प्यात बसलेल्या प्रोग्रामला वाटतं, आपण विंडोजवर आहोत. बिचारा फसतो आणि काम करतो. बहुतेक वेळा मात्र फसत नाही आणि मरून पडतो. नाना या कप्प्याला छावणी म्हणतात. "परक्या मुलखात आपली छावणी. रसद तुटली की खलास."

रसद सारखी तुटायची. कधी एखादी फाइल सापडत नाही, कधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कधी सगळा घाट उलटा होऊन आभाळाला टांगतो. प्रत्येक वेळी पडद्यावर इंग्रजीत एक चौकट येते. नाना तिचा मोबाइलवर फोटो काढायचे आणि माझ्या दुकानात यायचे.

"ताई, प्रिंट काढा. आन् लॅमिनेशन."

"नाना, ही चूक आहे. चुकीला लॅमिनेशन कशाला?"

"परत आली तर वळखाय नको?"

त्यांच्या भिंतीला अशा चाळीसेक चुका तीन खिळ्यांना टांगल्या आहेत. एका खिळ्यावर किरकोळ, दुसऱ्यावर भारी, आणि तिसऱ्यावर लाल शाईनं लिहिलंय, 'गद्दार'. गद्दार म्हणजे ज्या चुका कसलीही चौकट न दाखवता थेट खेळ बंद करतात.

नानांचं गाडी चालवणंही बघण्यासारखं. खेळात वीस शर्यतीच्या गाड्या असतात. हिरवा दिवा लागला की एकोणीस सुसाट सुटतात. नाना आधी आरसा बघतात, मग हात दाखवतात, मग पहिला गिअर. चाळीसच्या वर काटा जात नाही. मागून गाडी आली की डावीकडं घेऊन तिला वाट देतात आणि वर पडद्याला सांगतात, "जा बाबा, तुला घाई हाय." रस्त्यात त्यांनी अकरा गतिरोधक घातलेत. ताशी दोनशेनं आलेल्या त्या गाड्या गतिरोधकावरून उडतात आणि थेट दरीत जातात. नाना सावकाश कडेनं बघत येतात. शर्यतीत शेवटी बऱ्याचदा ते एकटेच उरलेले असतात.

गतिरोधकावरून सुजाचं आणि त्यांचं एकदा वाजलं. फोन स्पीकरवर होता, मला अंगणात सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, रेसिंगच्या ट्रॅकवर गतिरोधक नसतात. तो प्रोग्राम चूक समजून ते काढून टाकतोय."

"मग शाळंम्होरं काय करायचं?"

"खेळात पोरं नाहीत, बाबा!"

"आज न्हाईत. उद्या आली मंजी?"

आमच्या ह्यांनी एकदा हौसेनं स्टिअरिंग धरलं. साखर कारखान्यात नोकरी, आयुष्यात कधी स्कूटरच्या पुढं गेले नाहीत. पहिल्याच वळणावर त्यांनी तीन गाड्या मागं टाकल्या. नानांनी शांतपणे प्लग काढला. "गड्या, कॉन्व्हॉयमधी ओव्हरटेक न्हाई. उतर." वर रजिस्टर उघडून लिहिलं: 'चालक बेशिस्त. परत गाडी देऊ नये.' आणि ह्यांची सही घेतली. ह्यांनी मुकाट्यानं केलीसुद्धा.

या रजिस्टरला नाना लॉगबुक म्हणतात. लांबडी कापडी बांधणीची वही. तारीख, वेळ, गाडीची हालत, बिघाड, बिघाडाचं कारण, असे रकाने आखलेले. मॅक चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत सगळं त्यात जातं. "लॉगबुकात खोटं लिहायचं न्हाई," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फॉर्म भरताना माझ्याच कानात वाजतं. बर्फातल्या चौकीवर त्यांच्या एका जोडीदारानं टाकी न बघताच 'डिझेल पूर्ण' लिहिलं होतं. त्या गाडीत बसलेले पाच जण दोन दिवस बर्फात अडकले. त्यातले एक नाना.

तर असं दोन वर्षं चाललं होतं. छावणी मोडायची, रविवारी दुपारी दीडला सुजाचा फोन यायचा, ती तिकडून त्यांचा पडदा उघडून दोन-दोन तास खटपट करायची, छावणी उभी राहायची. पुढच्या रविवारी परत मोडलेली. गेल्या आठवड्यात तिनं मला मेसेज केला: 'काकू, बाबांचं सारखं बिघडतं. मी नीट करते, पण टिकतच नाही. त्यांना वाईट वाटत असेल. एखादा साधा विंडोजवाला बघाल का, म्हणजे कायमचं मिटेल?'

मला हे आवडलं. कायमचं मिटवणं हा माझा आवडता प्रकार आहे. दुकानातला जुना विंडोज संगणक नवा आल्यापासून फडक्याखाली पडून होता. त्याच्यावर नानांची अवजारं पहिल्या फटक्यात चालली असती. माझी लॅमिनेशनमधून सुटका, सुजाची रविवारमधून सुटका, आणि नाना निवांत घाट चढणार.

दुपारपर्यंत देठ मोडले, मिरच्या उन्हात पसरल्या आणि दुकानातून संगणक रिक्षात घालून आणला. नाना दळण आणायला गेले होते. त्यांची एक किल्ली आमच्याकडं असते. दार उघडलं, खोका पलंगावर ठेवला. कुठली कुठली अवजारं घालायची याची यादी हवी होती. ती लॉगबुकात असणार म्हणून मी वही उघडली. दुसऱ्याची वही वाचायची सवय मला नाही. मी यादी शोधत होते.

मागचा शनिवार होता:

'१७:०० वा. पाणी, तेल, हवा ठीक. छावणी ठीक. पाटण रस्ता तीन फेऱ्या, कुठं अडलं न्हाई. १८:०० वा. छावणी स्वतःच्या हातानं मोडली. कारण: उद्या रविवार.'

मला वाटलं, वाचण्यात चूक होतेय. चष्मा पुसला. त्याच्या आधीचा शनिवार: 'छावणी ठीक. १८:१५ वा. दोन फाइली काढून कचऱ्यात टाकल्या. कारण: उद्या रविवार.' त्याच्या आधीचा: 'अवजाराचं नाव बदलून ठेवलं. सुजाला लवकर सापडू नये. कारण: उद्या रविवार.'

मी पानं उलटत गेले. पहिलं दीडेक वर्ष बिघाड खरे होते, कारणाच्या रकान्यात 'समजत न्हाई' असं लिहिलेलं. गेल्या दिवाळीच्या सुमारास एका मंगळवारी एकच ओळ होती: 'सगळं चालू झालं. आता बिघाड न्हाई.' त्या रविवारीही सुजाचा फोन आलेला. '१३:३० ते १३:३२. जेवलीस का. व्हय. थंडी हाय का. हाय. ठेवली.'

त्याच्या पुढच्या शनिवारपासून छावणी मोडायला लागली होती.

आणि त्याखाली रविवारच्या नोंदी: '१३:३० ते १५:४०. दुरुस्ती. सुजा जेवली न्हवती, बोलता बोलता पोहे केले. खोकला हाय.' '१३:३० ते १६:०५. सुजाचं हापिसात कुणाशी तरी वाजलं. दोनदा सांगितलं. मी गप ऐकलं. दुरुस्ती शेवटी पाच मिनटात झाली.' '१३:३० ते १५:२०. आईची तव्यावरची भाकरी कशी करायची इचारलं. मला सांगता आलं न्हाई. शोभाताईंना इचारून ठेवणे.'

ते त्यांनी मला खरंच विचारलं होतं. मला वाटलं, नानांना स्वतःसाठी हवंय. मी चार ओळीत सांगून मोकळी झाले होते.

दारात डबा वाजला. नाना पिठाचा डबा खांद्यावर घेऊन उभे. त्यांनी पलंगावरचा खोका बघितला, मग माझ्या हातातली वही. डबा हळूच खाली ठेवला. खांद्यावर पीठ सांडलं होतं, ते झटकायचंही विसरले.

"ह्यो विंडोजवाला व्हय?"

"हो. सुजानं बघायला सांगितला होता. कायमचं मिटावं म्हणून."

"आसं. सुजानं." ते मशीनच्या स्टुलावर बसले. पाय सवयीनं पायट्यावर गेले, सुई एकदा वरखाली झाली. "कटाळली आसंल. तिचा बी एकच रविवार आस्तोय."

"कंटाळली असं नाही म्हणाली. तुम्हाला वाईट वाटत असेल म्हणाली."

नानांनी गद्दारांच्या खिळ्यावरची एक चूक सरळ केली.

"चोवीस वर्षांत घरी किती आलो, ताई? ती धावीला गेली तवा मला वाटायचं आठवीत हाय. आता तिच्याशी बोलायचं म्हटलं तर 'जेवलीस का'च्या म्होरं गाडी जात न्हाई. हे मोडलं की मातूर दोन तास जाती."

"आणि हे सगळं वहीत कशाला लिहून ठेवलंत? कुणी वाचलं असतं तर?"

"आवं, मोडलं ते मोडलं. पण लॉगबुकात खोटं कसं लिहायचं?"

मी वही मिटून मशीनच्या फळीवर ठेवली. मी खोका उचलला.

"राहू द्या ताई. तिनं सांगितलंय तर ठेवा हितंच. पोरीचा शब्द हाय."

"बघू. आधी माझ्या मिरच्या उन्हातून काढायच्यात," म्हणून मी बाहेर पडले. खोका जड होता, पण ठेवला नाही.

संध्याकाळी सहाला मिरच्या गोळा करत होते. पलीकडून सुई चालल्याचा आवाज येत नव्हता. सव्वासहाला नाना कुंपणाशी आले. "ताई, आज मोडली न्हाई. उद्या इचारलं तर काय सांगू? बरी हाय म्हणतो, झालं."

मी मान हलवली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

आज रविवार. सकाळी सातला नेहमीसारखी "फर्स्ट परेड!" ऐकली नाही, नाना उठले होते, अंगण झाडत होते. मी चहा घेतला आणि सुजाला मेसेज लिहिला: 'विंडोजवाला आणून बघितला. नानांची अवजारं त्याच्यावर अजिबात चालत नाहीत. मॅकवरच करावं लागेल आणि तुलाच करावं लागेल. वेळ काढून ठेव. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, ते सांगायचं राहिलं होतं.'

मग संगणक रिक्षात घालून दुकानात परत नेला आणि फडकं टाकलं. येताना नानांच्या दारात थांबले. म्हटलं, "नाना, तो विंडोजवाला नाही चालत. सुजाला कळवलंय. दीड वाजायला अजून पाच तास आहेत. उठा, छावणी मोडा."

नानांनी झाडू भिंतीला टेकवला. "आवं ताई, तुमी त्याचा प्लग तरी लावला व्हता का?"

"नाही," मी म्हटलं, "पण मी कुठं लॉगबुक ठेवते?"

आणि मिरच्या कुटून आणायला डंकावर गेले.