प्रलंबित ठराव क्रमांक एक

पक्ष कार्यालयाच्या सभागृहात पूर्वेकडच्या भिंतीवर संस्थापकांचा फोटो आहे. त्याच्या डावीकडे आणि उजवीकडे अकरा-अकरा सेंटिमीटर आणि खाली सव्वीस सेंटिमीटर भिंत इतर भिंतीपेक्षा फिकट आहे. वरच्या बाजूला फिकट भाग नाही, कारण खिळा जुनाच आहे. ही इमारत पूर्वी परक्या राज्यकर्त्यांचा क्लब होती आणि त्या खिळ्यावर त्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची तसबीर होती. ती मोठी होती. या फिकट भागाचे काय करावे यासाठी परप्रभावमुक्ती पक्षाने आजवर तीन समित्या नेमल्या. पहिलीने भिंत रंगवावी असे सुचवले, दुसरीने फोटो मोठा करावा असे, आणि तिसरीने आधीच्या दोन्ही समित्यांचा सत्कार करावा असे. सत्कार त्याच आठवड्यात झाला.

ही मापे बाईंनी घेतली. बाईंनी चौतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते आणि निवृत्तीनंतर पक्षाच्या पंचाहत्तराव्या वर्षानिमित्त त्याचा अधिकृत इतिहास लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. निवडीची कारणे दोन होती. एक म्हणजे त्या कमी बोलत. दुसरे म्हणजे त्या तात्यांच्या कन्या होत्या. चौऱ्याण्णव वर्षांचे तात्या हे हयात असलेले एकमेव संस्थापक सदस्य, आणि पक्षाच्या नियम तीसप्रमाणे इतिहासावर एका तरी संस्थापक सदस्याची सही असल्याशिवाय तो इतिहास ठरत नाही, नुसते पुस्तक राहते.

तिसऱ्या प्रकरणाचे नाव कार्यकारिणीने आधीच ठरवून दिले होते: 'आम्ही त्यांना घालवले'. मजकूर तेवढा बाईंनी भरायचा होता. म्हणून बाईंनी सभांच्या इतिवृत्ताच्या एक्केचाळीस वह्या काढल्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासाव्यात तशा पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या.

पहिल्या पानावर पहिली सभा होती. उपस्थिती सतरा. ठराव क्रमांक एक: 'परक्यांनी हा देश सोडून जावे.' मांडणार: तात्या, वय एकोणीस. अनुमोदन: जागा कोरी. शेऱ्यात लिहिले होते, 'अनुमोदन देणारे सद्गृहस्थ खुर्च्या परत करण्यास गेल्याने विषय पुढील सभेत घ्यावा.' खुर्च्या क्लबच्या होत्या. क्लबचे सदस्य पाच वाजता येत आणि त्यांना उभे राहावे लागणे बरे दिसले नसते.

दुसऱ्या सभेत 'सोडून जावे' हे शब्द कडक वाटले. तिसऱ्या सभेत 'सोडून जाण्याबाबत विचार व्हावा' असा मसुदा आला आणि त्यासाठी उपसमिती नेमली गेली. पक्षाची घटना क्लबच्या नियमावलीवरून शब्दशः उतरवलेली होती. तिच्यातला नववा नियम असा होता की सदस्यांविषयीचा कोणताही प्रस्ताव आधी त्या सदस्यांना दाखवावा. त्यामुळे मसुदा परक्या अधिकाऱ्याकडे गेला. तो 'उत्तम प्रयत्न, घाई नसावी' अशा शेऱ्यासह परत आला आणि शेऱ्याबद्दल आभाराचे पत्र गेले.

आठव्या वर्षी एका मंगळवारी परके आपल्या घरच्या काही अडचणींमुळे सामान बांधून निघून गेले. त्या दिवशी उपसमिती तिसऱ्या वाक्यावर होती.

बुधवारी पक्षाची तातडीची सभा झाली आणि निघून गेलेल्यांच्या आभाराचा ठराव एकमताने, चार मिनिटांत संमत झाला. त्याच ठरावाच्या मोबदल्यात क्लबची इमारत पक्षाला मिळाली. सभेला तात्या नव्हते. ठराव क्रमांक एक त्यांनी चौकात उभे राहून मोठ्याने वाचला होता, म्हणून ते सहा वर्षे तुरुंगात होते. त्या प्रसंगी पक्षाने 'एका तरुण सदस्याच्या उतावळेपणाबद्दल' दिलगिरी व्यक्त केल्याचीही नोंद होती.

ठराव क्रमांक एक मात्र तसाच राहिला. प्रत्येक सभेच्या शेवटी तो 'प्रलंबित, पुढील सभेत' म्हणून लिहिला गेला होता. बाईंनी नोंदी मोजल्या. नऊशे दोन. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

घरी येऊन त्या तात्यांच्या पलंगाशेजारी बसल्या.

"तात्या, तुमचा ठराव पास झालाच नव्हता."

"मला ठाऊक आहे."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"रोज बोलतो की! सकाळी उठल्यावर विचारतो, ठरावाचं काय झालं. तुझी वहिनी म्हणते, झाला हो झाला, आता गोळी घ्या." तात्यांनी चष्मा पुसला. "आणि तू म्हणतेस, म्हातारपणी असं होतं."

बाईंनी त्यांचे पांघरूण सारखे केले. त्या खरोखरच तसे म्हणत असत.

"सही हवीय ना त्यांना? देतो. पण आधी निर्णय सांगा म्हणावं. हो म्हणा, नाही म्हणा, पण तोंडाने म्हणा. सहा वर्षं मी आत कशासाठी होतो, ते मला कळायला नको, पोरी?"

बाईंनी हे शब्द कार्यकारिणीपुढे जसेच्या तसे वाचून दाखवले. पक्षात कोणालाही 'साहेब' म्हणायला बंदी असल्याने अध्यक्षांना सगळे 'दादा' म्हणत आणि 'साहेब' म्हणताना जितके वाकले असते तितकेच वाकत.

"एवढंच ना?" चिटणीस म्हणाले. "आत्ता पास करून टाकू. दोन मिनिटांचं काम."

पक्षाच्या वकिलांनी हात वर केला. "आत्ता पास केला, तर आत्तापासून लागू होईल."

"होऊ द्या की. ते तर कधीच गेले."

"गेले?" वकिलांनी विचारले. शहराचे पाणी परक्यांची कंपनी सोडत होती. कार्यकारिणीच्या एकवीस सदस्यांपैकी एकोणीस जणांची मुले त्यांच्या देशात स्थायिक होती आणि उरलेल्या दोघांना मुले नव्हती. इतिहासाच्या प्रकाशनाला प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचेच राजदूत येणार होते.

"मग मागच्या तारखेने करू," दादा म्हणाले.

"तसं केलं तर आभाराचा ठराव त्याच्याशी विसंगत ठरतो. तो रद्द झाला की इमारत जाते."

"मग नामंजूर करा बुवा!"

"परप्रभावमुक्ती पक्षाने? आणि पेपरात काय छापून येईल?" चिटणीसांनी कपाळाला हात लावला.

मार्ग वकिलांनीच काढला. ठरावाला मुळात अनुमोदनच नव्हते. तेव्हा आधी अनुमोदक शोधावा, तो निष्कलंक असावा आणि त्याने एक प्रतिज्ञापत्र द्यावे: 'माझे, माझ्या मुलांचे अथवा नातवंडांचे परक्यांवाचून काहीही अडत नाही व अडणार नाही.' सदस्यांनी प्रतिज्ञापत्राचा नमुना हातात घेतला, कागदाच्या दर्जाचे कौतुक केले आणि तो पुढे सरकवला. एकवीस जणांकडून फिरून तो दादांकडे परत आला. तेव्हा वकील म्हणाले की हा विषय एवढा मोठा आहे की त्यावर केवळ कार्यकारिणीने हक्क सांगणे बरे नव्हे. कोणाही नागरिकाला अनुमोदन देता यावे.

वर्तमानपत्रांत जाहीर निवेदन आले. मुदत तीस दिवस. बाईंनी कार्यालयातले एक मोठे टेबल रिकामे करून घेतले.

प्रतिसाद अभूतपूर्व होता. अकरा हजार चारशे पत्रे आली. लोकांनी पक्षाच्या ताठ कण्याचे कौतुक केले. 'उशिरा का होईना, कोणीतरी बोलले' असे कित्येकांनी लिहिले. काहींनी कविता पाठवल्या. बऱ्याच जणांनी अनुमोदनासाठी शेजाऱ्याचे नाव सुचवले होते आणि शेजाऱ्यांच्या पत्रांत त्यांचे. बावीस जणांनी प्रतिज्ञापत्राचा नमुना परक्यांच्या भाषेत मिळेल का, अशी विचारणा केली, कारण मुलांना तीच नीट वाचता येते. बाईंनी प्रत्येक पत्र उघडले, क्रमांक घातला, वाचले. भरलेले प्रतिज्ञापत्र एकही नव्हते. स्वतः बाईंच्या पर्समध्ये एक नमुना घडी करून ठेवलेला होता. त्यांचा नातू परक्यांच्या विद्यापीठात शिकत होता.

एकतिसाव्या दिवशी खुली सभा भरली. सभागृहात उभे राहायलाही जागा नव्हती. चाकाच्या खुर्चीवरून तात्यांना पुढे आणले, तेव्हा टाळ्या इतका वेळ वाजल्या की तात्यांनी शेवटी कानातले यंत्र काढून हातात घेतले आणि टाळ्या थांबल्यावर पुन्हा बसवले.

"तात्या, हा पहिला मान तुमचा," दादा म्हणाले. "इथे सही केलीत की छपाईला पाठवतो."

"निर्णय?"

"जनतेचा पाठिंबा तुम्ही बघताच आहात. अकरा हजार पत्रं..."

"अनुमोदन किती?"

दादांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "शून्य."

"म्हणजे तसं शून्य म्हणता येणार नाही," चिटणीस घाईने म्हणाले. "भावना आहे. फक्त फॉर्म भरलेला नाही."

"तेव्हा हा विषय पुढील सभेत..." वकिलांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा हो!" तात्यांचा आवाज बारीक होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. "पुढची सभा तुम्हाला आहे, मला नाही. दादा, तुझे वडील अध्यक्ष होते तेव्हा त्यांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, काळ अनुकूल नाही. त्यांच्या आधीच्यांनी पाठीवर हात ठेवला आणि विषय बदलला. मी काही भांडायला आलेलो नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी सही करीन. हातात पेन धरवतंय, तोवर सांगा."

दादांनी पाणी मागवले, पण प्यायले नाहीत. त्यांनी कार्यकारिणीकडे पाहिले. एकवीस माणसे आपापल्या नखांकडे पाहत होती. मग त्यांनी सभागृहाकडे पाहिले. तिथे नुकत्याच टाळ्या वाजवलेले सहाशे लोक होते आणि दारातून आत डोकावणारे आणखी काही. पुढच्या रांगेतल्या एका आईने आपल्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला. त्याने शाळेत शिकवलेले परक्यांचे गाणे गुणगुणायला सुरुवात केली होती.

"कोणाला काही बोलायचंय?" दादांनी विचारले.

कोणालाच नव्हते.

बाईंनी वही उघडली, तारीख घातली आणि त्याखाली लिहिले: 'ठराव क्रमांक एक. निर्णय:'. मग पेन टेकवून थांबल्या.

दादा उभे राहिले. पक्षाच्या पंचाहत्तर वर्षांत अध्यक्ष पहिल्यांदाच कागदाशिवाय बोलत होते.

"तात्या, निर्णय पहिल्याच सभेत झाला होता. तुम्ही सोडून आम्हा सगळ्यांचा. या दालनातल्यांचा, बाहेर उभ्या असलेल्यांचा, घरी बसून पत्रं लिहिणाऱ्यांचासुद्धा. मोठ्याने कोणी बोललं नव्हतं, इतकंच."

"मग बोल," तात्या म्हणाले.

"त्यांनी जाऊ नये."