हरदासकाका आणि सात नंबरची लिफ्ट

स्कीइंगला माणूस जातो तो डोंगरावरून खाली घसरायला. वर पोचवणारी लिफ्ट ही त्यातली निव्वळ सोसायची गोष्ट. गारठ्यात लोंबकळत बसायचं, नाक गोठवून घ्यायचं आणि वर पोचायची वाट बघायची. आमच्या हरदासकाकांचं सगळं उलटं. ते शिकागोहून विमानानं कोलोरॅडोला येत, ते दगडासारखे बूट दोघातिघांच्या मदतीनं पायात चढवत, आणि हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर लिफ्टमध्ये बसायला मिळावं म्हणून.

"चढ हा शौक आहे सुधीर," ते मला म्हणत. "उतार हा नाइलाज आहे बे."

त्यातही त्यांना कुठलीही लिफ्ट चालत नसे. आम्ही चार मराठी घरं दरवर्षी जातो त्या रिसॉर्टवर सहा जणांची, वर पारदर्शक झाकण असलेली एक सुसाट लिफ्ट आहे. बसलात, हातमोजे नीट केलेत, की माथा आला. काका तिच्याकडे ढुंकून बघत नसत. "सहा जण एका बाकावर? पंगत आहे काय?" त्यांची लिफ्ट सात नंबरची. दोन माणसांचा जुनाट बाक, प्रत्येक खांबाशी एक हिसका, आणि वेग असा की पलीकडच्या झाडावरचा पक्षी घरटं बांधायला घेईल तर बांधून होईल. तिच्यासमोर रांग कधीच नसे. काका आणि त्यांची मुलगी रेवा, एवढीच तिची गिऱ्हाइकं.

हरदासकाका मूळचे नागपूरचे. चाळीसएक वर्षांपूर्वी शिकागोजवळ नेपरव्हिलला आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी रस्ते बांधले. बांधले म्हणजे चढ-उतार आणि वळणं कागदावर आखली. त्यामुळे डोंगराकडे बघायची त्यांची नजर सौंदर्याची नव्हती, तपासणीची होती. इकडे स्कीइंगच्या वाटांना खुणा असतात. हिरवा गोल म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, आणि काळा हिरा म्हणजे हाडं आपापल्या जबाबदारीवर. काकांना ही पद्धतच मान्य नव्हती. "रस्त्याला कठडा नाही, कडेला शोल्डरची पट्टी नाही, पाणी निघायला नाली नाही, आणि वरून नाव ठेवलं हिरा! माझ्या ऑफिसात कोणी असा उतार आणला असता ना, तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता."

स्वतः ते हिरव्या वाटेवरून उतरत. उतरत म्हणजे या झाडापासून त्या झाडापर्यंत आडवे जात, तिथे थांबत, विचार करत, आणि मग पुन्हा आडवे परत येत. वळायच्या आधी हात दाखवत, सायकलवाल्यासारखा. अंगात नोकरीतलं चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट असे, कारण "मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे." परिणाम असा होई की लोक त्यांना रिसॉर्टचाच माणूस समजत. बायका बाथरूम कुठे म्हणून विचारत. काकाही "मी इथला नाही" असं कधी म्हणत नसत. बाथरूमचा रस्ता सांगत, वर त्या रस्त्याचा चढ किती टक्के आहे तेही सांगत.

एकदा निळ्या वाटेच्या तोंडाशी काचेसारखा बर्फ झाला होता. काका तिथे दोन्ही काठ्या फुली करून उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूनं वळवू लागले. "स्लो, स्लो! लेफ्ट, प्लीज!" माणसं निमूट डावीकडून जात होती. थोड्या वेळानं लाल जाकिटातली खरी बचाव तुकडी आली. त्यातल्या बाईनं काकांचे आभार मानून विचारलं, "कुठल्या टीमचे तुम्ही?" काका म्हणाले, "रिटायर्ड."

काकू या भानगडीत पडत नसत. त्या खाली लॉजमध्ये खिडकीशी थर्मास आणि भडंगाचा डबा घेऊन बसत. "जो बर्फ आपण हिवाळाभर दारातून फावड्यानं फेकतो, तोच बघायला विमानाची तिकिटं काढून यायचं," त्या म्हणत. "मी फेकलाय तेवढा पुरे झाला."

आता रेवाबद्दल. रेवा तिशीची, डेन्व्हरला फिजिओथेरपिस्ट. ट्रिपला गाडी घेऊन थेट डोंगरावर यायची. स्नोबोर्डवर अशी की बघत राहावं. माथ्याच्या एका अंगाला एक मोठा वाडग्यासारखा खोलगट उतार आहे, सगळे इंग्रजीत 'बोल' म्हणतात त्याला. एकही झाड नाही, नुसता काळा हिरा. तिथे उतरायची ऐपत आमच्या चार मराठी घरांत फक्त तिची. आणि ही मुलगी दरवर्षी सगळा दिवस बापाबरोबर सात नंबरच्या लिफ्टमध्ये घालवायची, मग त्या आडव्यातिडव्या परेडच्या मागे मागे बोर्ड ओढत खाली यायची.

आम्हाला वाटे, बिचारी अडकते. आणि तिला वाटत असेल, बाबा बिचारे हौसेनं येतात. असं म्हणजे मला वाटे. इथून पुढे "आम्ही" म्हणणं बरं नाही.

मी फार बोलणाऱ्यातला नाही. ट्रिपचं बुकिंग मी करतो, गाड्या मी ठरवतो, आणि कोणाशी वाद न घालता जे मला हवं तेच सगळ्यांना हवं आहे असं घडवून आणतो. मी स्कीइंग चाळिशीनंतर शिकलो, आणि उशिरा शिकलेल्या माणसाचा सगळा माज माझ्यात आला. गेल्या वर्षी मला त्या बोलमध्ये उतरायचं होतं. एकट्याला छाती नव्हती. सोबतीला रेवा हवी होती.

पहिल्याच दिवशी संधी चालून आली. काका लिफ्टमधून उतरताना पडले. लागलं काहीच नाही. पडल्या पडल्या त्यांनी हात वर करून मागच्यांना थांबायची खूण केली, इतके ते शुद्धीवर होते. पण संध्याकाळी मी रेवाला बाजूला घेतलं. "अगं, बाबांना आता झेपत नाही. तुझ्यासाठी येतात, मला म्हणाले, तुला बोलून दाखवत नाहीत. उद्या तू आग्रह करू नकोस."

मग काकांकडे गेलो. "काका, रेवाला त्या बोलमध्ये जायचंय. तुमच्यामुळे संकोचते."

दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. एकमेकांना विचारायचं कोणी म्हणालं नाही. आपल्याकडे एकमेकांसाठी मन मारणं हाच प्रेमाचा सर्वात सोपा प्रकार आहे, आणि मी अगदी त्यावरच भरवसा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळी काका म्हणाले, "आज गुडघा जरा कुरकुर करून राहिला. तू जा बेटा." रेवा म्हणाली, "शुअर बाबा, यू रेस्ट." दोघं हसले. मी दोघांचे आभार मानायचे तेवढे बाकी ठेवले.

तो सहा जणांच्या लिफ्टमधला प्रवास मला अजून आठवतो. आमच्या दोन्ही बाजूंना टेक्सासचं एक कुटुंब मोठमोठ्यानं बर्गरची चर्चा करत होतं. माथा आला तसे आम्ही बोलच्या काठावर जाऊन थांबलो. खाली बघितलं आणि मी काठ्या रोवून कडेपासून मागे सरकलो.

रेवा बर्फात बसून बोर्डाचा पट्टा आवळत होती. आवळलेला पट्टा पुन्हा आवळत होती.

"सुधीरकाका, बाबा खरंच म्हणाले का, की त्यांना यायचं नाही?"

"का गं?"

"मला आज त्यांना सांगायचं होतं. मी न्यूझीलंडला चाललेय. जॉब घेतलाय. परवा सही केली. आय लीव्ह इन एप्रिल, तीन वर्षांसाठी."

"मग सांग ना. फोन आहे, घर आहे."

ती हसली. "बाबा फोनवर काय बोलतात माहितीये? 'गाडीचं ऑइल बदललं का? बरं, आईला देतो.' इतकंच. आणि घरी समोरासमोर बसलो की टीव्ही लावतात. आमचं सगळं त्या लिफ्टवर होतं. मेडिकल सोडायचं ठरवलं ते मी तिथेच सांगितलं. ठरलेलं लग्न मोडलं, तेही. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही ना. दोघंही समोर बघतो. आणि तिथे फोन द्यायला आई नसते."

"ओरडले नाहीत?"

"लिफ्टमधून जाणार कुठे? पहिल्या खांबापर्यंत चिडतात. मग गप्प होतात. माथा यायच्या आत 'बरं' म्हणतात. एव्हरी सिंगल टाइम." तिनं पट्टा आणखी एकदा आवळला. "आज वाटलं, त्यांना कळलंच असेल. ऐकायचं नसेल म्हणून आले नाहीत."

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी गप्प बसून निभावल्या आहेत. हीही निभावली असती. समोरचा उतार पाहिला नसता, तर कदाचित निभावलीच असती. पण भीतीनं माझा आधीच पार कचरा झाला होता आणि लपवायला फारसं काही उरलं नव्हतं.

"ते म्हणाले नाहीत रेवा. मी सांगितलं ते. तुला आणि त्यांनाही. मला इथे यायचं होतं म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "यार, सुधीरकाका," एवढंच म्हणाली आणि उठली. "सात नंबर चारला बंद होते. चला."

त्या काळ्या हिऱ्यावरून मी कसा उतरलो याचं वर्णन इथे करत नाही. बराचसा मी बसून उतरलो. तोपर्यंत रेवा केव्हाच पुढे जाऊन खाली, सात नंबरच्या तळाशी उभी होती. बापाला बोलवायला ती स्वतः जाणार नव्हती. ते काम माझं होतं आणि ते तिनं मला न सांगता कळवलं होतं.

लॉजमध्ये काका खिडकीशी बसले होते. नारिंगी जाकीट अंगात. गुडघा दुखणाऱ्या माणसानं सकाळपासून बूट काढले नव्हते.

मी सगळं सांगितलं. काकू भडंग खायच्या थांबल्या.

"काहून बे असं केलं?" काकांनी विचारलं.

"मला बोलमध्ये जायचं होतं."

"मग सरळ म्हणायचं. मी काय नाही म्हटलं असतं?" मग त्यांचा आवाज बदलला. "तिला काहीतरी सांगायचं आहे सुधीर. कालपासून दिसून राहिलं. मला वाटलं, या वेळी मला नसेल सांगायचं, आईला सांगेल. मी अमेरिकेला निघालो तेव्हा माझ्या बापाला मी सांगितलंच नाही. आईला सांगितलं. म्हटलं, तू सांग त्यांना. स्टेशनवर तो माणूस माझ्या बॅगेवर हात ठेवून उभा होता आणि मला विचारून राहिला की पाणी घेतलं का. तेवढंच बोललो आम्ही. मी परत यायच्या आत तो गेला." काका उठले. "माझ्या पोरीनं मला तोंडानं सांगावं, एवढंच मला पाहिजे होतं. चांगलं असो की वाईट. त्यासाठी घसरतो मी. नाहीतर या वयात कोण घसरते?"

काकूंनी त्यांच्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला.

बापलेक त्या दिवशीच्या अगदी शेवटच्या बाकांपैकी एकावर बसले. मी खाली राहिलो. मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. एक नारिंगी, एक काळी. पहिला खांब गेला तेव्हा नारिंगी पाठ ताठ झाली. दोन हात हवेत उडाले. मग बराच वेळ काहीच हललं नाही, आणि बाक झाडीत दिसेनासा झाला.

मी उताराकडे डोळे लावून उभा राहिलो. हिरव्या वाटेवरून सगळी माणसं खाली आली, शाळेतल्या पोरांचं एक टोळकं आलं, शेवटी लाल जाकीटवाले वाट रिकामी झाल्याची खात्री करत आले. काका नाहीत, रेवा नाही. माझ्या मनात नको नको ते आलं. काकू बाहेर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून लिफ्टकडे बोट दाखवलं.

रिकामे बाक एकामागून एक खाली येत होते. त्यातल्या एकावर ते दोघं होते. वर उतरलेच नव्हते. तिथल्या माणसाची परवानगी काढून, चाकाला वळसा घालून, तसेच बसून परत आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला लिफ्टमध्ये समोरून दिसत होते. रेवा हातवारे करत सांगत होती, थांबायचं नाव नाही. काका समोर बघत नव्हते. पूर्ण तिच्याकडे वळून बसले होते, आणि अख्ख्या डोंगराला उतारांतल्या चुका समजावून सांगणारा तो माणूस तोंडातून अवाक्षर न काढता ऐकत होता.

ऊन केव्हाच डोंगरामागे गेलं होतं, तरी त्यांनी काळा गॉगल डोळ्यांवर ओढून घेतला होता.