खुल्या कारभाराचा बाक

कोणताही निर्णय चुकीचा असू शकतो. तो बंद दाराआड घेतलेला नसावा, एवढीच लोकशाहीची अपेक्षा आहे. अ‍ॅरिझोनातल्या सॅडल व्हिस्टा घरमालक संघाने ही अपेक्षा इतकी मनावर घेतली, की सभागृहाचे दारच बिजागऱ्यांसकट काढून टाकले. (एसीची हवा बाहेर जाऊ लागली. तिच्यावर उपसमिती नेमली.)

निमित्त झाला वेंडेल क्रॅब्ट्री. निवृत्त पोस्टमन, वय एकाहत्तर. त्याची बायको ऑपल हिचे गुडघे गेलेले. टपालपेटीपासून घरापर्यंतची चाळीस पावले तिला एका दमात होत नसत. म्हणून त्याला अंगणातल्या झाडाखाली लाकडी बाक ठेवायचा होता. स्वतःच्या अंगणात काही ठेवायलाही संघाची परवानगी लागते. संघाने अर्ज फेटाळला, कारण सांगितले नाही. वेंडेलने सभेत उठून पारदर्शकता मागितली आणि अध्यक्षा ग्रेटा पिंकस्टन यांनी ती सढळ हाताने दिली.

अर्ज पुन्हा घेऊन फलकावर लावला. सोबत जोडलेले ऑपलच्या गुडघ्यांचे एक्स-रेही लागले, डावा आणि उजवा. दोनशे चौदा घरांतून एकसष्ट अभिप्राय आले: सव्वीस बाकाच्या रंगावर, चौदा झाडावर, एकोणीस सांध्यांना चोळायच्या तेलावर आणि दोन क्रॅब्ट्रींच्या कुत्र्याविरुद्ध. (क्रॅब्ट्रींकडे कुत्रा नाही.)

"माझे गुडघे गावभर झाले," ऑपल म्हणाली. "काल दुकानात एका बाईने मला डाव्या गुडघ्यावरून ओळखलं."

"पारदर्शकता आहे ही," वेंडेल ओशाळून म्हणाला.

"मला बाक हवा होता रे. पारदर्शकता तुला हवी होती."

गणपूर्तीला एकशे आठ माणसे लागत. तीन सभांना नऊ-नऊ आली, त्यांतली चार बिस्किटांसाठी. मग वेंडेल स्वतः घरोघर फिरला. तीस वर्षे टपाल वाटलेला माणूस; कुठल्या दाराशी किती वेळ उभे राहायचे, हे त्याला ठाऊक होते. चौथ्या सभेला एकशे बारा जण आले आणि बाक एकमताने मंजूर झाला. वेंडेलला भर सभेत रडू फुटले. (इतिवृत्तात नोंद: 'सकारात्मक प्रतिसाद'.)

तेवढ्यात ग्रेटाबाईंनी उपसूचना मांडली. "जो बाक इतक्या खुलेपणाने मंजूर झाला, तो एका घराचा कसा राहील? तो सर्वांना खुला असावा."

हेही एकमताने. वेंडेलचा हात मघापासून वरच होता. खाली घ्यायचे त्याला सुचले नाही.

आता ऊन चढेपर्यंत बाक रोज भरलेला असतो. त्यावर बसून सभासद संघाच्या कारभारावर मनमोकळी टीका करतात. ऑपल टपाल घेऊन येते आणि झाडाला टेकून दम घेते.

परवा वेंडेल म्हणाला, "जरा सरकता का? हिला बसायचंय."

"अर्ज टाका की," कडेचे गृहस्थ मायेने म्हणाले. "आमचा पूर्ण पाठिंबा आहे."

ऑपलकडे पाहून सगळ्यांनाच वाईट वाटले. वाचकांनाही वाटले असेल. आणि तेही, बहुधा, बसल्या जागी.