फिलोमिना टीचरांचा राग

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत संत अंतोनींचा पुतळा आहे. मी पहिल्यांदा तिथं पाऊल टाकलं तेव्हा संत भिंतीकडं तोंड करून उभे होते. झाडलोट करताना कुणी फिरवले असतील म्हणून मी त्यांना सरळ करायला गेले, तर मागून आवाज आला, "हात लावू नकोस! शिक्षा चालू आहे."

"कुणाला?"

"त्यांनाच. हरवलेल्या वस्तू शोधून देतात म्हणे. पंखा कधीचा बंद पडलाय, दुरुस्त कुणी करत नाही; आमच्या कमिटीची अक्कल तेवढी शोधून द्या म्हटलं. नाही जमलं. बघू देत आता भिंतीकडं."

ह्या फिलोमिना टीचर. वयानं पासष्टीच्या पुढच्या, उंचीनं बेताच्या, आवाजानं मात्र अफाट. भिवंडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात माल बुक करण्यात त्यांची उभी हयात गेली. समोर ड्रायव्हर, मागं हमाल आणि शेजारी नारपोलीच्या लूमचा खडखडाट. तिथं हळू बोलणाऱ्याचा माल गोडाऊनच्या बाहेर पडत नाही. रिटायर झाल्यावर तोच आवाज दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात घुमू लागला. माझा मुलगा त्या वर्गात होता. मी त्याला सोडायला गेले, "उभी काय राहिलीस? खडू दे" असं ऐकलं, आणि कायमची मदतनीस झाले.

टीचर कायम रागावलेल्या असत. स्कूटरचं इंजिन चालू ठेवूनच मूल फाटकात सोडणारे बाप त्यांच्या खास मर्जीतले. "ओ भाई, रुको जरा! हे मूल आहे, पार्सल नाही. टाकलं आणि पळालं? घरी कधी प्रार्थना घेता का ह्याची? नाही? मग मी एकटी काय काय भरू ह्याच्यात?" बाप बिचारा हेल्मेटच्या आतून "सॉरी टीचर" म्हणे आणि पुढच्या रविवारी कोपऱ्यावरच मुलाला उतरवून गल्लीतून पसार होई.

पण मुलांवर त्यांनी कधी हात उचलला नाही. मार पडायचा तो पुस्तकाला. एकदा एक मुलगा 'प्रयोजन' ह्या शब्दावर अडखळला आणि रडकुंडीला आला. टीचरांनी पुस्तक टेबलावर दाणकन आपटलं. "लिहिणाऱ्याला बोलवा इथं! आठ वर्षांच्या पोराला प्रयोजन! स्वतःच्या आयुष्याचं तरी कळलंय का त्याला?"

खोटी प्रार्थना त्यांना अजिबात खपत नसे. जेसन नावाचा एक मुलगा डोळे मिटून म्हणाला, "हे प्रभू, साऱ्या जगात शांती नांदू दे."

"खोटं! आत्ताच बाकावर नाचत होतास. तुला काय पाहिजे ते बोल."

"मला... ताईची सायकल पाहिजे."

"हां. आता पोचलं वर."

त्या वर्षी वर्गात रेश्मा होती. तिचा बाप सायमन अकलोलीकडच्या एका खेड्यातला, इथं गोडाऊनमध्ये माल चढवायच्या कामाला. रेश्मा शांत पोर, सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. उन्हाळ्यात ही मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेणार होती, आणि पांढरा झगा घालून सगळ्यात पुढं कोण चालणार हे ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात तिची आई काविळीनं गेली. मागं राहिली रेश्मा आणि तिचा चार वर्षांचा भाऊ सनी.

मातीला सगळी पॅरिश, म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं, लोटली. येणारा प्रत्येक जण रेश्माच्या डोक्यावरून हात फिरवी आणि एकच वाक्य म्हणे, "चांगली माणसं देवाला आवडतात गं बाळा, म्हणून तो त्यांना लवकर नेतो." मोठ्या माणसांना दुसरं काही सुचत नाही तेव्हा ती असलं काहीतरी मुलाच्या हातात ठेवतात आणि जेवायला घरी जातात. टीचर माझ्या शेजारीच उभ्या होत्या. दोन-तीनदा त्यांनी ते वाक्य ऐकलं, हातातली छत्री जमिनीवर आपटली आणि कुणाशी एक अक्षर न बोलता तरातरा निघून गेल्या. बायका म्हणाल्या, "बघा, इथंही राग!"

महिन्याभरात रेश्मा ओळखू येईना. शेजारच्या मुलीला चावली. जेसनची वही फाडली. प्रार्थनेला हात जोडेना. सायमन डोकं खाजवत म्हणाला, "न्हाय ऐकत कुनाचं, टीचर. आदी अशी न्हवती." मग एका रविवारी मिस्सात, फादरांनी ख्रिस्तप्रसाद वर उचललेला, सगळं चर्च गुडघ्यावर, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि छोट्या सनीनं खणखणीत आवाजात एक शिवी घातली. हमालसुद्धा इकडंतिकडं बघून देतात तसली शिवी. मागच्या बाकावरचे दोन तरुण हसू दाबत बाहेर पळाले. ती शिवी रेश्मानंच शिकवली होती. त्याच दिवशी ती दारातल्या पवित्र पाण्याच्या भांड्यात थुंकली.

फादरांनी वर्गात बैठक घेतली. ते स्वतः, सिस्टर, टीचर, मी, आणि दाराशी अवघडून उभा सायमन. फादर तरुण होते, ही त्यांची पहिलीच पॅरिश. मऊ आवाजात म्हणाले, "यंदा ख्रिस्तप्रसादासाठी रेश्माला थांबवू या. पुढच्या वर्षी बघू."

"का?" टीचर म्हणाल्या.

"टीचर, ती पवित्र पाण्यात थुंकली," सिस्टर म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे. का थुंकली? विचारलंत कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. टीचरांनी बाहेर खेळणाऱ्या रेश्माला हाक मारली. ती आली, ओठ आवळून उभी राहिली. टीचर मुलांच्या बुटक्या बाकावर कशाबशा बसल्या. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"सनी चांगला आहे ना गं?"

"खूप."

"म्हणून शिवी शिकवलीस?"

रेश्मानं मान हलवली. "चांगला राहिला तर नेईल ना."

"कोण?"

तिनं वर बोट दाखवलं.

"आणि तू का थुंकलीस?"

"मला पण नेलं तर सनीला कोण बघणार?"

दारात सायमननं तोंडावर हात ठेवला. टीचर उठल्या. आणि मग जो आवाज लागला तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातही कधी लागला नसेल.

"ऐकलंत? सिस्टर, तुम्ही म्हणालात हिला. फादर, तुम्ही तर माईकवरून म्हणालात. देव म्हणजे काय पोरं पळवणारा आहे? ही एवढीशी मुलगी महिनाभर एकटी देवापासून भावाला लपवतेय, आणि तुम्ही हिलाच शिक्षा करणार?"

"सांत्वन म्हणून बोललो, टीचर," फादर पुटपुटले.

"कुणाचं सांत्वन? बोलणाऱ्याचं! आणि मी शहाणी, छत्री आपटत घरी गेले. तिथंच तोंड उघडायला हवं होतं मी!"

मग त्या रेश्माकडं वळल्या. "ऐक. तुझ्या आईला कावीळ झाली. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, नाही वाचवता आलं. देवानं तिला नेलं नाही."

"मग देव काय करत होता?"

फादर पुढं सरले, टीचरांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"मला माहीत नाही," टीचर म्हणाल्या. "मी लहानपणापासून विचारतेय. तू पण विचार. भांडून विचार. पण आवडतं म्हणून तो कुणाला उचलून नेत नाही. सनी चांगला वागला तरी चालेल. तू पण."

"नक्की?"

"नक्की."

आई गेल्यापासून रेश्मा रडली नव्हती असं सायमन नंतर म्हणाला. त्या दिवशी ती टीचरांच्या साडीत तोंड खुपसून रडली. पाण्याचा ग्लास घेऊन आले ते फादर. माणूस वाईट नव्हता. पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की दुःखाच्या वेळी मी चुकीचं बोललो, तुम्हीही असं बोलू नका.

उन्हाळ्यात रेश्मानं इतर मुलांबरोबर ख्रिस्तप्रसाद घेतला. झगा थोडा आखूड झाला होता. मिस्सानंतर अंगणात पॅटीस आणि केक होता. मी टीचरांच्या शेजारी खुर्ची ओढून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"माझी मोठी बहीण गेली तेव्हा मी रेश्माएवढीच होते," त्या म्हणाल्या. "फार गुणी होती. सगळ्यांनी मला हेच सांगितलं. मग राहिला धाकटा मायकल. तोही तसाच गुणी. मी त्याला शिव्या शिकवल्या, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना दगड मारायला शिकवलं. आईचा मार खाल्ला, पण का ते सांगितलं नाही."

"मग?"

"मग काय? आहे की. पुण्याला असतो, नातवंडं झाली. तोंड अजून घाणेरडं. त्याची बायको म्हणते, लहानपणी वळण लावलं नाही कुणी. मी गप्प बसते."

"आणि तुम्ही?"

टीचरांनी पॅटीसचा चुरा पदरावरून झटकला. "मीही वाईट वागायला लागले. पुढं मोठी झाले, अक्कल आली, हे सगळं खोटं आहे ते कळलं. पण म्हटलं, मायकल ठीक आहे ना? मग उगीच सुधारून कशाला बघायचं?"

त्या हसल्या.

"लग्नासाठी बघायला आले होते दोघे. माझ्या तोंडापुढं टिकले नाहीत. एकटीचं काही अडत नाही गं. फक्त घरात रागवायला कुणी नसतं. रविवार यायला फार वेळ लागतो."