दिनकररावांचा ओला पंचा

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. हिंगोलीत आमच्या शेजारी दिनकरराव नावाचा कचेरीतून रिटायर झालेला कारकून राहतो. हा माणूस भर उन्हाळ्यात ओला पंचा काठीला बांधून गल्लीत फिरायचा. आपल्या दारापासून पावलं मोजायचा, थांबायचा, काठी वर धरायचा आणि पंचा हलतो का बघायचा.

"काहून राव, निवडणुकीला उभे राहून राहिले का?" मी ओट्यावरून विचारायचो.

"पंचा बोलतो, शेळके. आपण ऐकायचं. इथं सावली आहे, पण वारा नाही. तिकडं वारा आहे, पण चोवीस पावलं!"

चोवीस पावलांचं काय, ते कधी सांगितलं नाही. घरचं दुखणं चारचौघांत काढणाऱ्यातला तो नव्हता.

गल्ली पूर्वी मोकळी होती. मग एकेकानं स्लॅब चढवले, छज्जे पुढं काढले. मीही काढला. ऊन खाली येईना, पण वाराही येईना. सांज झाली तरी भिंतींची धग अंगावर यायची. आमच्या दारांपाशी वाऱ्याला एकच वाट उरली होती, माझ्या न् त्याच्या घरांमधला हातभर बोळ. जागा माझी. त्याच्या तोंडाशी पंचा फडफडला तसा दिनकरराव नाचायचाच बाकी होता. "सात! बराबर सात पावलं!" म्हणून त्यानं खडूनं भिंतीवर खूण केली.

मी चौथी शिकलेला, पण जन्म शेतात गेला. पावलं मोजून खुणा करणारा माणूस मला एकाच कामाचा ठाऊक, बांध कोरून शेजाऱ्याची जमीन खाणारा. डोकं फिरलं. गवंडी बोलावला आणि बोळाचं तोंड विटांनी बुजवलं.

दिनकरराव आला. "शेळके, खालच्या चार विटा तरी..."

"विटा माझ्या, बोळ माझा. सरकारी मोजणी आणायची तर आणा!"

दुसऱ्या दुपारी तो पुन्हा काठी घेऊन निघाला. "मोजणीवाले निघाले बघा!" मी ओरडलो. गल्ली हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

आठेक दिवसांनी दुपारी लाईट गेली. दिनकररावाच्या घरातून खोकला ऐकू आला, मग पाण्यासाठी हाक. तो घरात नव्हता. मी गेलो. त्याची बायको खाटेवर उठून बसलेली, श्वास पुरत नव्हता. मी तांब्या दिला.

"राव कुठं गेले, वहिनी?"

"जागा बघायला, भाऊजी. घरात जीव कोंडतो, अन् बारा पावलांवर मला दम लागतो. तेवढ्यात वारा कुठं लागतो ते शोधतात. मागं एक सापडली होती म्हणे..." माझ्याकडं बघून ती थांबली. मग घाईनं म्हणाली, "पण तुमच्या भिंतीनं सावली छान पडते हं."

तेवढ्यात दिनकरराव आले. घामानं निथळत होते. बायकोकडं बघून नुसती नकाराची मान हलवली, आणि मला म्हणाले, "बसा ना, शेळके."

जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"पंचा वाळला तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी न बोलावता मीच छिन्नी-हातोडा घेऊन बोळापुढं बसलो. गल्ली बघत होती. चार नाही, सगळ्या विटा काढल्या. मग घरातली माझी बाज आणली आणि सातव्या पावलावर टाकली.